खालच्या रांगेचा घास

झोप येता येता माणसाचा राग विरघळतो असं म्हणतात. माझा विरघळत नाही. दुपारचे दोन वाजत आले आहेत, पंखा फिरतो आहे, छातीवर छत्तीस वर्षांपूर्वीची नोंदवही उघडी पडली आहे, आणि मी डोळे मिटून दात आवळून पडले आहे. ज्याच्यावर राग आहे तो माणूस जाऊन पंधरा दिवस झाले. भांडायला समोर कोणी नको का?

"असे निसटलात होय, सिद्राम," मी मनातल्या मनात म्हणते.

परवा मी त्यांच्या तेराव्याला मंगळवेढ्याला जाऊन आले. सिद्राम म्हेत्रे आमच्या संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात चौतीस वर्षं होते. त्यातली बारा वर्षं माझ्या उंदरांचं खाणंपिणं, पिंजरे, भुसा सगळं त्यांच्याकडे. एक्याऐंशीव्या वर्षी गेले. शेवटपर्यंत चष्मा लागला नाही, दात सगळे जागेवर. जेवणं उरकत आली तेव्हा त्यांची बायको कस्तुराबाई माझ्याशेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाली, "तुमच्या उंदरांसाठनं म्या तीन वरसं रोज दोन भाकरी जादा थापल्या बगा, बाई. ह्यांनीच सांगितलं व्हतं, खालच्या रांगंतली उपाशी अस्त्यात म्हणून."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला लाडू मी पुन्हा ताटात ठेवला. निघताना तिनं पाच कडक भाकऱ्या आणि कारळ्याची चटणी फडक्यात बांधून दिली. ते गाठोडं परवापासून स्वयंपाकघरात ओट्यावर तसंच पडून आहे. मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

आता हे नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, दोन भाकऱ्यांसाठी ही बाई मेलेल्या माणसाच्या नावानं खडे का फोडते आहे. शास्त्रातली जुनी गोष्ट अशी आहे की प्राण्याच्या पोटाला थोडं कमी घातलं, पण जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं सगळी पुरेशी दिली, तर तो जास्त जगतो आणि म्हातारा उशिरा होतो. उंदरांमध्ये हे अनेकांनी पाहिलेलं आहे. मी तेच आमच्या संस्थेतल्या उंदरांवर करून बघत होते. वरच्या रांगेत चोवीस पिंजरे, त्यांना हवं तितकं खाणं. खालच्या रांगेत चोवीस, त्यांना रोज अकरा ग्रॅम, तोलून. आणि तीन वर्षांनी काय झालं, तर दोन्ही रांगा जवळजवळ बरोबरच मेल्या. मी आधी हादरले, मग हरखले. सगळे म्हणत होते, कमी खा आणि जास्त जगा. माझे उंदीर म्हणत होते, काही फरक पडत नाही. त्या एका निबंधावर माझं नाव झालं. पुढची तीस वर्षं मी व्याख्यानांतून तेच सांगत शाली आणि नारळ गोळा केले.

आणि आता ही वैजयंती बनहट्टी. धारवाडकडची मुलगी. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तिचा प्रबंध माझ्याकडे परीक्षक म्हणून आला आहे. तिनं माझाच प्रयोग उंदरांच्या तीन वेगवेगळ्या गटांवर केला, आणि तिन्हींत कमी खाणारे सात-आठ महिने जास्त जगले. मी तिला दोनदा लिहिलं, तुमचा काटा तपासून घ्या. माझा अहवाल तयार आहे. 'पदवीसाठी शिफारस करता येत नाही,' हे त्यातलं शेवटचं वाक्य. सोमवारी तो विद्यापीठाला जायचा आहे, आणि त्या मुलीची सात वर्षं त्या वाक्यावर टांगलेली आहेत.

काटा तिचा बरोबर होता. माझ्या उंदरांच्या पोटात ज्वारीची भाकरी होती. मला सिद्रामचा गळा धरावासा वाटतो आहे.

पंख्याचा आवाज जाडसर होतो. तो आता पंख्याचा राहिलेला नाही, प्राणिगृहातल्या एक्झॉस्टचा आहे. नाकात ओल्या भुशाचा वास जातो. छातीवरची वही माझ्या काखेत आहे आणि मी उभी आहे. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला आहे. सिद्राम पिंजऱ्यांच्या समोर उलट्या बादलीवर बसून ॲल्युमिनियमचा डबा उघडत आहेत. खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं.

"तुम्ही मेलात," मी म्हणते.

"व्हय की," ते म्हणतात. "बसा, बाई."

"मी बसायला आलेली नाही."

"मग उबं ऱ्हावा." ते भाकरी हातात घेतात.

वरच्या रांगेतले उंदीर पोटभर खाऊन भुशात झोपले आहेत, एकेकाचं पोट उशीसारखं. खालच्या रांगेतला एकही झोपलेला नाही. चोवीसच्या चोवीस मागच्या पायांवर उभे राहून जाळीला नाक लावून आहेत. सिद्राम भाकरीचा एक तुकडा मोडतात. तो आपल्या तोंडात घालत नाहीत, वाकून पहिल्या पिंजऱ्याच्या जाळीतून आत सरकवतात.

"सिद्राम, थांबा."

दुसऱ्या पिंजऱ्यात दुसरा तुकडा जातो.

"थांबा म्हणते ना! काय करताय तुम्ही?"

"जेवतोय."

"हे जेवण आहे?"

"भुकेल्या जीवाच्या म्होरं बसून एकट्यानं खायाचं, त्ये आमच्यात चालत न्हाई," ते म्हणतात. "दावणीला वैरण टाकल्याबिगर माझा बा ताटावर बसला न्हाई कदी. दिष्ट लागती. खाल्लेलं अंगाला लागत न्हाई."

"मग बाहेर झाडाखाली बसून खायचं! संस्थेच्या आवारात एवढी झाडं होती."

"आन मागं ह्यांच्याकडं कोन बगनार?"

ते पुढं सरकतात आणि मी त्यांना अडवायला त्यांच्या मागं जाते. पाचवा पिंजरा, अकरावा, अठरावा. रांग संपत नाही. मी धावते आहे आणि ते नुसते चालत आहेत, तरी अंतर तेवढंच राहतं. चोविसाव्या पिंजऱ्याशी पोचते तर तो पिंजराच नाही, माझ्या घरच्या कपाटाचा खालचा खण आहे. मी तो ओढते. आत माझ्या सगळ्या शाली घडी घालून ठेवल्या आहेत. एक उलगडते. ती मधोमध कुरतडलेली आहे. दुसरीही. तिसरीही. मी शाली बाहेर फेकत जाते आणि माझ्या मागून कोणीतरी टाळ्या वाजवतं.

मी व्यासपीठावर आहे. सभागृह गच्च भरलं आहे. काखेतल्या वहीत बोट घालून मी नेहमीचं वाक्य म्हणते आहे, "आमच्या उंदरांमध्ये मात्र उपासाचा आयुष्यावर परिणाम दिसला नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की जीभ आपसूक वळते. पहिल्याच रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीत, सिद्राम मांडीवर डबा ठेवून बसले आहेत. ते हात वर करतात. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्या सभेत हात वर केलेला मला आठवत नाही.

"बाई, येक इचारू का?"

"आत्ता नाही, सिद्राम."

"तवा बी असंच म्हणला व्हता."

 मला ते आठवतं, आणि आठवल्याचा मला भयंकर राग येतो. प्रयोगाचा पहिला आठवडा. मी दारात, हातात कागद, कुठल्याशा बैठकीला उशीर झालेला. मागून सिद्रामचा आवाज, 'बाई, खालच्यास्नी कमी का वो घालायचं?' आणि मी मागं वळूनसुद्धा न बघता म्हणाले, 'आत्ता नाही, सिद्राम.' नंतर त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांना दिला तो आकडा. अकरा ग्रॅम.

"म्हणून तुम्ही मनाला येईल ते केलंत?" मी व्यासपीठावरून ओरडते. माईक नाही तरी आवाज भिंतींवर आपटतो. "विचारायचं पुन्हा! दहादा विचारायचं! चोरून कशाला?"

"चोरून न्हाई. दुपारच्याला, उघड्या दारात बसून घातलं. कुनी येतंच न्हवतं तितं."

हे खरं आहे. एक वाजता आम्ही सगळे शास्त्रज्ञ उपाहारगृहात असायचो. प्राणिगृहाच्या वासात कोण जेवणार?

"मला वाटलं, संस्थेचं खाद्य कमी पडतंया," ते म्हणतात. "मग वाटलं, खालच्यांनी काय चूक केली आसंल. मग वाटलं, मोठ्या मानसांचं काम, आपल्याला काय कळतंया. पर डोळं दिसत्यात की, बाई. लाल डोळं, आन तेबी माझ्याकडंच लावल्यालं."

"दया आली तुम्हाला."

"व्हय."

आता मला जे बोलायचं आहे ते परवापासून माझ्या छातीत अडकलं आहे. मी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरते, त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे करते.

"तुला माहीत आहे तू काय केलंस? ती भूक त्यांना मारत नव्हती. त्या अकरा ग्रॅममध्ये मी सगळं घातलं होतं, हाडांसाठी, रक्तासाठी, डोळ्यांसाठी, सगळं. त्या भुकेनं ते जास्त जगणार होते. त्यांच्या गाठी उशिरा वाढल्या असत्या, मोतीबिंदू उशिरा झाला असता. सात-आठ महिने, सिद्राम. माणसाच्या हिशोबात वीस वर्षं म्हण. चोवीस जिवांची तेवढी वर्षं तुझ्या त्या दोन भाकऱ्यांनी खाल्ली. मोठा आला दयाळू. तू त्यांना लवकर मारलंस."

त्यांच्या हातातला तुकडा तसाच राहतो. मी इतकी वर्षं ओळखलेल्या त्या चेहऱ्यावर असं काहीतरी येतं की बोलल्याचं जे समाधान मला व्हायला हवं होतं, ते होत नाही.

"जास्ती जगनार व्हती?" ते हळू विचारतात.

"हो."

"त्याच्यासाठनं उपाशी ठेवली व्हती?"

"त्याच्याचसाठी."

खुर्च्या कुठं गेल्या कळत नाही. आम्ही त्यांच्या मंगळवेढ्याच्या अंगणात आहोत, परवा जिथं पंगत बसली होती तिथंच, पण पंगत नाही. चुलीपुढं एक म्हातारी पाठमोरी बसून भाकरी थापते आहे. सिद्राम तिच्याकडं बोट करतात.

"ही माझी आई. माझ्या आदीची तीन गेली. मी जगावा म्हनून हिनं जलमभर सोमवार धरलं. दिसभर पान्याचा घोट न्हाई. मी इचारायचो, आये, उपास कशापायी? ती म्हनायची, तुज्या आयुष्यापायी." ते माझ्याकडं वळतात, आणि आता त्यांचा आवाज चढलेला आहे. एवढ्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "उपासानं आयुष्य वाढतं, ह्ये काय मला नवं व्हतं का, बाई? उलट तुमच्या परीस मलाच आदी कळलं असतं. निस्तं येक वाक्य सांगायचं व्हतं. सिद्राम, ही जास्ती जगावीत म्हनून कमी घालतोय. मग भुकंनं जाळी चावली असती तरी म्या येक कन टाकला नसता. मन दगडाचं करून म्या बी त्यांच्यासंगं उपाशी बसलो असतो."

"तुम्ही तसेच बसत होता," मी म्हणते. अरे-तुरे संपलेलं आहे. "जादाच्या दोन संपल्या की स्वतःच्यातलाही घास त्यांना घालायचात."

"मी एक्याऐंशी जगलो," ते म्हणतात, आणि जरासे हसतात. "पर एका जनावरावरनं काय ठरत न्हाई, तुमीच म्हनायचा."

मला हसू येत नाही. मी इथं भांडायला आले आहे आणि भांडण माझ्या हातून सुटत चाललं आहे, हे मला मुळीच आवडत नाही.

"ते काही असो. माझा प्रयोग तुम्ही नासवला. मला फसवलं. मला कसं कळणार होतं?"

सिद्राम हात पुढं करतात. वही माझ्या काखेत आहे हे मी विसरले होते, ते विसरले नव्हते. मला ती द्यायची नाही. मी ती दोन्ही हातांनी धरते. ते ओढत नाहीत, नुसता हात पुढं धरून उभे राहतात, आणि मग वही त्यांच्याकडं गेलेली असते. आम्ही पुन्हा प्राणिगृहात आहोत. घड्याळात अजून एकच वाजला आहे.

"दर गुरवारी वजन कोन करायचं?"

"मी."

"आमच्या गावची जत्रा कवा असती?"

मी वही परत घ्यायला हात पुढं करते.

"मे म्हयन्यात, बाई. दर वरसाला पंधरा दिस मी रजेवर. माझ्या जागी बदली मानूस. त्यो जेवायला भाईर जायचा." ते पानं उलटतात. हळूहळू, अंगठ्याला थुंकी न लावता, कारण मीच एकदा त्यावरून त्यांना रागावले होते. "ह्ये बगा."

मला बघायची गरज नाही. ते पान मला पाठ आहे. मे महिन्याचे दोन गुरुवार. वरच्या रांगेची वजनं जशीच्या तशी. खालच्या रांगेची प्रत्येकी पंधरा-वीस ग्रॅमनी उतरलेली. जूनच्या पहिल्या गुरुवारी पुन्हा वर. पुढच्या वर्षी मे महिन्यात तेच. समासात माझ्या अक्षरात एकच शब्द आहे. उन्हामुळे.

"ऊन खालच्याच रांगंला लागत व्हतं का?" सिद्राम विचारतात.

यात टोमणा नाही. ते खरोखरच विचारत आहेत.

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. नाही, ते खोटं आहे. तो शब्द लिहिताना माझं पेन क्षणभर थांबलं होतं. विचारावं कोणाला तरी, असं वाटलं होतं, आणि कोणाला म्हणजे कोणाला, ते मला माहीत होतं. पण तोवर आलेख सुरेख येत होता. इतर कोणाला न मिळालेलं काहीतरी मला मिळत होतं. मी शब्द पुरा केला आणि पान उलटलं.

"तुमीबी इचारलं न्हाई," सिद्राम म्हणतात. "म्याबी पुन्यांदा इचारलं न्हाई."

"मग आता काय करू म्हणता?" मी तडकून विचारते. "सत्तराव्या वर्षी सगळ्यांसमोर नाक कापून घेऊ? माझ्या निबंधाच्या पोथीत भाकरीचा चुरा निघाला म्हणून सांगू?"

ते बादलीवर बसतात. डब्याच्या झाकणात कारळ्याची काळी चटणी आहे, लसूण ठेचलेली, तेल सुटलेली. ते चटणीत बोट बुडवतात, खाणार असं वाटतं, पण खात नाहीत.

"ती धारवाडची पोरगी," ते म्हणतात. "ती कुठल्या रांगंतली?"

मी तोंड उघडते. एक्झॉस्टचा आवाज एकदम वाढतो. खालच्या रांगेतले चोवीस उंदीर आता सिद्रामकडे बघत नाहीत. ते माझ्याकडं बघत आहेत. सिद्राम वाकतात आणि वहीवर, त्या पानावर, बोट ठेवतात.

पंखा फिरतो आहे. पावणेतीन वाजले आहेत, मानेला घाम आला आहे, आणि वही छातीवरून घसरून कुशीत आली आहे. राग जागच्या जागी आहे. मी उठून बसते, वही सरळ करते, आणि मे महिन्याच्या पानावर, समासात, 'उन्हामुळे' या शब्दाच्या बरोबर खाली, बोटाच्या पेराएवढा एक काळपट तेलकट डाग आहे.

हे पान परवापासून मी निदान वीस वेळा बघितलं असेल. डाग जुनाच असेल, मी स्वतःला सांगते. तेव्हाचाच. माझ्या नजरेतून सुटला असेल, नजरेआड करण्यात मी पटाईत आहेच. मग मी पान नाकाशी धरते. छत्तीस वर्षांच्या डागाला लसणाचा वास येत नाही.

मी तशीच स्वयंपाकघरात जाते. गाठोडं ओट्यावर आहे. कस्तुराबाईनं मारलेली दुहेरी गाठ जशीच्या तशी घट्ट आहे. नखांनी ती सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. आतल्या चटणीच्या पुडीचा दोरासुद्धा तसाच. मी पुडी उघडली, ओट्याशी उभ्या-उभ्याच एक भाकरी मोडली, आणि पहिला तुकडा हातात घेऊन बाजूला ठेवायला निघाले. सिद्रामच्या नावानं. मग पुन्हा संताप आला आणि तो तुकडा मीच खाल्ला. त्यांनी आधीच पुष्कळ वाटलं आहे. दुसरी भाकरीही खाल्ली. मला किती भूक लागली होती ते तेव्हा कळलं.

मग साबणानं दोनदा हात धुतले, कोरडे केले, म्हणजे पानावर माझं काही उमटायला नको. अहवालाचं शेवटचं वाक्य खोडून 'शिफारस करते' असं लिहिलं. नोंदवही खिडकीत उजेडाला ठेवली आणि त्या पानाचा फोटो काढला. समास कापला नाही. डाग, शब्द, दोन्ही रांगा, सगळं आलं.

तो फोटो मी वैजयंती बनहट्टीला पाठवला. सोबत काय लिहावं यावर बराच वेळ गेला, कारण चूक कबूल करायची मला सवय नाही. शेवटी एवढंच लिहिलं: "खालच्या रांगेला माझ्या प्राणिगृहात रोज भाकरी मिळत होती, आणि मी कधी विचारलं नाही. तुमचा काटा बरोबर आहे."